हाकेला न येणारी सिम्के

ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझी सायकल जिथं जाईल तिथं वारा समोरून येवो, येताना आणि जाताना दोन्ही वेळेला. फ्रीसलंडात, म्हणजे नेदरलंड्सच्या आमच्या ह्या उत्तरेच्या कोपऱ्यात, ह्याच्यापेक्षा मोठी शपथ नाही. आमच्या लित्सेवाल गावात माझ्या गोष्टींबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, पण ते सगळे माझ्याच घरी येऊन ऐकतात आणि मग बाहेर जाऊन बोलतात. तर ते राहू द्या. ह्या वेळेला मी स्वतः मास्तरांच्या खोलीत होते, खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर.

मास्तर म्हणजे हेसेल मास्तर. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात नुसते आत आले की पेन्सिली खाली ठेवल्याचा आवाज यायचा म्हणे. निवृत्त झाल्यावर पहिला महिना त्यांनी घरातली सगळी घड्याळं एका वेळेवर आणली, दुसऱ्या महिन्यात बायकोच्या, ग्रीतबाईंच्या, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या महिन्यात ग्रीतबाई म्हणाल्या, "हेसेल, तू काहीतरी पाळ. नाहीतर मी तुला बाहेर बांधते."

मास्तरांनी ठरवलं, वेटरहौन आणायचा. वेटरहौन म्हणजे आमचा इथला पाणकुत्रा. पूर्वी पाणमांजरं धरायला लोक पाळायचे. आता जगात मोजकेच उरलेत, आणि जे उरलेत त्यांना ते माहीत असावं असं त्यांच्या वागण्यावरून वाटतं. कुत्रा आणणं ही साधी गोष्ट अशी मास्तरांची समजूत. पण वेटरहौन असा कुणालाही मिळत नाही. त्यांचा एक संघ आहे आणि संघाचा एक अर्ज आहे. प्रश्न सेहेचाळीस. कुंपणाची उंची किती, घरात जिने किती, माणसं भांडतात का, पन्नास पावलांच्या आत पाणी आहे का. लित्सेवालमध्ये पन्नास पावलांच्या आत जमीन आहे का असं विचारलं असतं तर मास्तरांना मोजावं तरी लागलं असतं. "माणसं भांडतात का" ह्या प्रश्नावर मास्तर आणि ग्रीतबाई दोन दिवस भांडले, आणि शेवटी "नाही" असं लिहिलं.

ऑगस्टमध्ये सिम्के आली. दहा महिन्यांची. अंगावर काळी कुळकुळीत, मेंढीसारखी कुरळी लोकर. शेपटी बेकरीतल्या दालचिनीच्या पावासारखी वेटोळं घालून पाठीवर ठेवलेली. आणि चेहरा असा, की करखात्यात नोकरीला असावी. तिच्याबरोबर संघाचं पत्र. तीन महिने कुत्री तुमच्याकडे राहील. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्यापैकी कुणीतरी येऊन पाहील. कुत्री पाणकुत्र्यासारखी जगते आहे का आणि मालकाच्या हाकेला येते का, हे बघून कागद तुमच्या नावावर होतील. नाहीतर ती परत घेतली जाईल.

"हाकेला येते का," मास्तर हसले. "अडतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

संध्याकाळी ते मागच्या बांधावर उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. सिम्केनं मान वर करून बघितलं. बेकरीत रांगेत उभं असताना दुसऱ्याचा नंबर पुकारला की आपण बघतो ना, तसं. आणि परत आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी मास्तरांनी वर्गातला जुना आवाज काढला, तेव्हा पलीकडच्या कुरणातून तेवीस गायी आल्या आणि ओळीनं उभ्या राहिल्या. विब्रनची बायको डोक्याला रोलर लावलेल्या अवस्थेत धावत आली आणि म्हणाली, "मास्तर, मला बोलावलंत?" ती त्यांची विद्यार्थिनी. फक्त सिम्के आली नाही.

विब्रन म्हणजे शेजारी. पुलाच्या राखणदारीतून निवृत्त झालेला. बोट आली की पूल उघडायचा, गेली की मिटायचा, मधल्या वेळात लोकांना सल्ले द्यायचे, असं त्याचं आयुष्य गेलेलं. आता पूल दुसऱ्याच्या हातात होता आणि सल्ले तेवढे त्याच्याकडे उरलेले.

"मास्तर, चूक तुमची आहे," तो म्हणाला. "वेटरहौनला तोंडानं बोलवायचं नसतं. शिट्टी पाहिजे."

"कसली शिट्टी?"

"ही घ्या. माझी पुलावरची. बत्तीस वर्षं वाजवली. हिच्या आवाजाला मेलेलं माणूस उठेल."

मास्तरांनी वाजवली. सिम्के काही हलली नाही. पण पुलावरच्या नव्या माणसाला ती शिट्टी नोकरी लागल्यापासून पाठ, त्यानं तडक पूल उघडला. बोट कुठंच नव्हती. चार दहाची बस मात्र होती, अर्धी पुलावर, अर्धी अलीकडे. बसमध्ये आमचे पाद्रीबाबा होते, ते एका लग्नाला निघाले होते. लग्न पन्नास मिनिटं उशिरा लागलं, आणि नवऱ्या मुलाच्या आईनं मास्तरांना अजून माफ केलेलं नाही. ग्रीतबाईंनी शिट्टी काढून घेतली आणि बरणीत ठेवली. बरणीवर चिठ्ठी होती, "जायफळ."

"तू तिला फळ्यापाशी बोलावल्यासारखं बोलावतोस," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा आले नसते."

"मग कसं बोलावू?"

"मला काय विचारतोस? मला तू कधी बोलावलंयस? तू जेवायला बसतोस आणि घड्याळाकडे बघतोस."

मास्तर दुखावले. पण त्यांना खरं दुखलं होतं ते वेगळंच. गावात आता त्यांना बघून मुलं पेन्सिली खाली ठेवत नव्हती. कुंपणापलीकडून गुपचूप "सिम्के, सिम्के" अशी त्यांच्याच आवाजात हाक मारून पळायची, आणि परत गायी यायच्या.

बरं, सिम्के दिवसभर करायची काय? उकरायची. मागच्या बांधाला नाक लावून चालत जायची, थबकायची, आणि माती उडायला लागायची. आता, आमच्याकडे बांध म्हणजे काय ते सांगायला नको. बांधाच्या पलीकडे पाणी वर आणि अलीकडे आमचे पलंग खाली. आमच्याकडे माणूस एकवेळ चर्चमध्ये शिंकेल, पण बांधात कुदळ घालणार नाही.

बांध सांभाळणाऱ्या पाणी मंडळाचं पत्र आलं. सोबत नकाशा. नकाशावर एकोणीस लाल ठिपके. "आपल्या मिळकतीलगत बांधात एकोणीस खड्डे आढळले आहेत. खुलासा करावा." मास्तरांनी फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, पाणी घरात आलं असेल तर एक दाबा, अजून आलं नसेल तर दोन दाबा. मास्तरांनी दोन दाबलं आणि चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक खरी बाई आली.

"प्राणी बांधावर जातोय? मग परवाना लागेल. अर्ज पाठवते."

अर्ज आला, त्यात एकच प्राणी. मेंढी. मेंढ्या किती, लोकर कशी, चरण्याचा काळ कोणता. मास्तरांनी परत फोन केला. परत बासरी.

"ही मेंढी नाहीये हो, कुत्री आहे."

"कुत्र्याचा अर्ज आमच्याकडे नाही."

"मग मी काय करू?"

"लोकर आहे का?"

मास्तरांनी सिम्केकडे बघितलं. "आहे," ते म्हणाले.

"मग तोच भरा."

अडतीस वर्षांत ज्या माणसानं कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, त्यानं सरकारी कागदावर कुत्रीला मेंढी केली. पंधरा दिवसांत परवाना आला. एका मेंढीस बांधावर जाण्यास मुभा. अट एकच, मेंढीने उकरू नये. खाली लिहिलं होतं की नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा माणूस पाहणीस येईल.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. तो मास्तरांचा वाढदिवसही होता, अडुसष्टावा. वाढदिवस पुढे ढकलता येत नाही, आणि आमच्याकडे वाढदिवस काही एकट्याचा नसतो. भिंतीकडेनं खुर्च्या गोल मांडायच्या. येणाऱ्यानं एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. बायकोला, "नवऱ्याबद्दल अभिनंदन." शेजाऱ्याला, "शेजाऱ्याबद्दल अभिनंदन." मला विब्रन म्हणाला, "आजी, तुमच्या मास्तरांबद्दल अभिनंदन," मी म्हटलं, "तुझ्या मास्तरांबद्दल तुलाही." मग बसायचं, कॉफी घ्यायची, गुलाबी आयसिंगवाल्या संत्र्याच्या केकचा एक तुकडा, सोबत कलेजीच्या सॉसेजचे काप. दुसरी कॉफी संपेपर्यंत कामाचं काही बोलायचं नाही. बोललं तर माणूस ॲमस्टरडॅमकडचा समजावा.

सिम्केला मास्तरांनी धुण्याच्या खोलीत कोंडलं होतं. लोकर विंचरून, पाय पुसून. "बोलावणं येईल तेव्हा ये," असं तिला सांगून ठेवलं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी एक पुरुष आला. उंच, रापलेला, केस वाऱ्यानं कुत्र्यासारखे विस्कटलेले. बूट दाराशी काढून मोज्यांवर आत. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले आणि बसला. पाच मिनिटांनी एक बाई आली. चष्मा, घट्ट अंबाडा, हातात जाड फाइल. तिनंही सगळ्यांशी हात मिळवले, त्या पुरुषाशीसुद्धा, "अभिनंदन," आणि समोर बसली. वाढदिवसाच्या घरी आलेल्याला "आपण कोण?" असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. तुम्ही आलात म्हणजे कुणाचे तरी कुणी असणार.

पण मास्तर गणिती माणूस. त्यांनी मनातल्या मनात उदाहरण सोडवलं. कुत्र्यासारखे केस, अंगाला ओल्या मातीचा वास, तो संघाचा. फाइल आणि चष्मा, ती पाणी मंडळाची. इतकं सोपं.

केकची थाळी घेऊन ते त्या माणसाशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "आमची सिम्के म्हणजे अस्सल बरं का. उकरते कशी, बघत राहावं."

"हं," तो म्हणाला.

"एकोणीस खड्डे. एकटीनं. माझा हात खांद्यापर्यंत जातो."

"बांधात?"

"बांधात हो. दुसरीकडे ढुंकून बघत नाही. पावसात, वाऱ्यात. मी अडवतसुद्धा नाही. रक्तातच आहे तिच्या, आपण कोण अडवणार?"

"हं," तो म्हणाला, आणि त्यानं केक चावायचं थांबवलं.

मास्तर खूश झाले. मग ते बाईंकडे गेले.

"आमच्याकडे एक प्राणी आहे, आपल्याला कळलंच असेल," ते म्हणाले. "फार गरीब आहे."

"उकरते?" बाईंनी विचारलं.

"छे हो. अंगणातली माती पायाला लागली तर तिला कसंतरी होतं."

"पाण्यात जाते?"

"पाण्याचं नाव काढलं तर कोचाखाली."

"मग दिवसभर करते काय?"

"झोपते. मी बोलावलं की येते, आणि परत झोपते."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फाइल उघडली, काहीतरी लिहिलं, मिटली. "आजारी आहे का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ठणठणीत," मास्तर म्हणाले. "नुसती उशी आहे, उशी."

मी तिसऱ्या खुर्चीवरून हे सगळं ऐकत होते. मध्ये बोलावं असं मला एकदा वाटलं, पण दुसरी कॉफी अजून यायची होती.

ती आली, संपली. बाईंनी कप खाली ठेवला. "आता कामाचं," त्या म्हणाल्या. "मी रिक्स्ट, संघाकडून. मी कुत्री परत घेऊन जाते. तीन महिन्यांत तुम्ही पाणकुत्रीची उशी केलीत."

त्या माणसानंही कप ठेवला. "मी दुर्क. पाणी मंडळ," तो म्हणाला. "माझ्या कागदावर एक मेंढी आहे."

खोलीत घड्याळं तेवढी ऐकू आली, सगळी एका वेळेवर. मास्तर मध्ये उभे, हातात केक वाढायचं ते चपटं उलथणं. कान लाल. फळ्यावर चुकीचं उदाहरण सोडवून वर्गाकडे वळलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

"बाई," ते म्हणाले, "मी आपल्याला खोटं सांगितलं. ती उकरते. पाण्यातून तर बाहेरच येत नाही."

"आधीचं खोटं की आताचं?"

"आधीचं."

"ह्यांना विचारा ना," विब्रन मध्येच म्हणाला, "ह्यांना खरं सांगितलंय त्यांनी."

"एकोणीस," दुर्क म्हणाला. "खांद्यापर्यंत."

"मला कुत्री दाखवा," रिक्स्टबाई उठल्या.

धुण्याच्या खोलीचं दार उघडलं. आत कुत्री नव्हती. खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली ग्रीतबाईंच्या स्वच्छ चादरींवर चार पायांची नक्षी होती. मास्तरांना हुडकायला कुठं जायचं ते ठाऊक होतं, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे, अकरा जण, केकाच्या थाळ्यांसह, बांधावर.

वारा असा होता की मला विब्रनचा दंड धरावा लागला. विसाव्या खड्ड्यातून सिम्केची मागची बाजू दिसत होती, वर ते वेटोळं. दुर्कनं तिला बाजूला सारलं नाही. तो तिच्याशेजारी पोटावर झोपला, वाढदिवसाच्या पाहुण्याच्या कपड्यांत, आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत. मग उठला, खिशातून नकाशा काढला आणि ते एकोणीस लाल ठिपके पेन्सिलीनं जोडले. एक सरळ रेघ आली.

"पाणघुशी," तो म्हणाला. "बांध पोखरलाय, बोगदा आहे आतून. ही त्याच्यावरनंच चाललीय." मग अगदी नाइलाजानं म्हणाला, "माझी माणसं वर्षभर पिंजरे लावतायत. चुकीच्या जागी, चारशे पावलं तिकडे."

"मग परवान्याचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"पाणघुशी शोधणाऱ्या कुत्रीचा पण अर्ज नाही आमच्याकडे," दुर्क म्हणाला. "मेंढीच राहू द्या. खड्डे आम्ही भरतो."

रिक्स्टबाईंचा चेहरा जरा सैल झाला होता. पण फाइल काखेत होती. "पाणकुत्रीसारखी जगते, हे बघितलं," त्या म्हणाल्या. "आता हाक मारा."

मास्तरांनी कोट सारखा केला. हाक मारली. सिम्केनं खड्ड्यातून डोकं काढलं, नाकावर माती, आणि बघितलं. बेकरीतलं ते बघणं. परत आत.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा मारली. पलीकडे गायींच्या माना वर झाल्या.

"आणखी एकदा."

"नको," मास्तर म्हणाले. "नाही येत ती. तीन महिन्यांत एकदाही आली नाही. गायी येतात, शेजारीण येते. मला वाटलं होतं, शिकवीन. मला येतं शिकवता, अहो, दुसरं काही येतच नाही मला." ते थांबले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, तसं आलं होतं. "रोज सकाळी मी उठायच्या आधी ती पलंगापाशी येऊन उभी राहते. मी डोळे उघडले का बघते. उघडले दिसलं की निघून जाते. एवढंच. मी निवृत्त झाल्यापासून मी उठलो का नाही हे बघायला दुसरं कुणी येत नव्हतं. न्यायची असेल तर न्या. येते म्हणून मी सांगणार नाही."

ग्रीतबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

रिक्स्टबाईंनी घसा साफ केला आणि स्वतः हाक मारली. जन्मापासून दहा महिने तिला त्यांनीच वाढवलेलं. सिम्केनं कान हलवला, तो माशीसाठी होता. मग दुर्कनं सरकारी आवाजात मारली. मग विब्रननं. मग वाढदिवसाला खुर्च्या जशा मांडल्या होत्या त्याच क्रमानं एकेकानं मारली, कारण एकानं मारली आणि दुसऱ्यानं नाही असं बरं दिसत नाही. मीही मारली. सगळ्यांनी मिळून एकही पाऊल कमावलं नाही.

"हिची आई अकरा वर्षांत माझ्या हाकेला आली नाही," रिक्स्टबाई कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या.

"सूप गार होतंय," ग्रीतबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे वळलो. वारा आता पाठीशी होता. मास्तर सगळ्यांच्या मागे, हात पाठीमागे बांधून, एकदाही मागे न बघता. फाटकापाशी रिक्स्टबाईंनी मागे वळून बघितलं आणि त्या थांबल्या. मास्तरांच्या कोटाला नाक लावून, चिखलानं माखलेली, ते वेटोळं वर धरून सिम्के चालत येत होती. कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून.

आत आल्यावर बाईंनी फाइल उघडली, कागद काढला आणि मास्तरांचं नाव लिहिलं. "ह्याहून वाईट असू शकतं," त्या म्हणाल्या. फ्रीसलंडात ह्यापुढे कौतुकाचा शब्द नाही. मास्तर परत लाल झाले, ह्या वेळेला वेगळे लाल.

तर असं. अक्षर न् अक्षर खरं.

बरं, एक शब्द सोडून. "आपणहून" हा शब्द मी पदरचा घातला. मास्तर बाईंशी बोलत होते तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं, आणि माझ्या थाळीत कलेजीच्या सॉसेजचे दोन तुकडे उरले होते. ते मी त्यांच्या कोटाच्या मागच्या खिशात सरकवले. मास्तरांना अजून ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. खिसा फाटला तो कुंपणाला अडकून, असं ग्रीतबाई समजतात.

पण सॉसेज फाटकापाशीच संपलं होतं, खिशाच्या अस्तरासकट. मी बघितलं ना. त्यानंतर अंधार पडेपर्यंत ती मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवून पडून होती, आणि त्यांनी मुंग्या आल्या म्हणून पाय हलवले, तर तिनं एक डोळा उघडून ते उठताहेत का ते बघितलं. ते मात्र मी घातलेलं नाही.